पोळपाटावरचं संख्याशास्त्र

आमच्या विहीणबाई सुनंदा सदुसष्टाव्या वर्षी संख्याशास्त्र शिकल्या, आणि तेही माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या पोळपाटावर लॅपटॉप ठेवून. लॅपटॉप गरम होतो, लाकडावर ठेवला की शांत राहतो, असं त्यांचं म्हणणं. मी आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, त्यातला निम्मा वेळ संख्याशास्त्राच्या पेपरात गेला. पण त्या पोळपाटावर माझ्या हातून पोळीपलीकडे काही घडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कोणत्या डोळ्यांनी पाहून लिहिलंय ते कळेल.

सुनंदाबाई मुलुंडच्या. तिथली त्यांची बिल्डिंग पुनर्बांधणीसाठी पाडली आणि राहायचं कुठे हा प्रश्न आला. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी एकच, ती माझी सून गंधाली. माझा मुलगा श्रेयस म्हणाला, इथेच या. बाई म्हणाल्या, "मुलीच्या सासरी मुक्काम? छे! आमच्यात नाही चालत." आणि आमच्याच बोरिवलीच्या सोसायटीत, समोरच्या बी विंगमध्ये भाड्याने घर घेतलं. म्हणजे मुक्काम समोर आणि सकाळचा चहा, वायफाय, पेपर आणि मुलगी आमच्याकडे. चालत नाही म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

ही सोसायटी उभी राहिली तेव्हापासून मी इथे राहते. वॉचमन मला मॅडम म्हणतो आणि नजर वळवतो. बाईंना महिन्याभरात तो सुनंदामावशी म्हणायला लागला आणि गावाकडच्या बायकोचे फोटो दाखवायला लागला. बाईंचा आवाज मोठा, विनोद पुरा व्हायच्या आत स्वतःच हसायची खोड, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. तो डोळ्यांवर चढला की समजायचं, बाई कामाला लागल्या. नोकरी टेलिफोन खात्यात, हिशेबाच्या विभागात. शिक्षण बी.कॉम. मी एम.ए., तेही विद्यापीठात पहिल्या वर्गात. हे मी कुणाला सांगत नाही, पण लिहिताना सांगायला हरकत नाही.

तर गंधाली. ती कॉलेजात शिकवते आणि पीएचडी करते. विषय, साठीच्या पुढच्या बायकांचा एकटेपणा. वेगवेगळ्या सोसायट्यांमधल्या बायकांना एकच प्रश्नावली द्यायची आणि प्रत्येकीच्या एकटेपणाचा आकडा काढायचा. तिच्या गाइडनी सांगितलं, साधं गणित इथे चालणार नाही. एका सोसायटीतल्या बायका एकमेकींसारख्या होतात. तेच आवार, तोच सेक्रेटरी, तीच लिफ्ट बंद. म्हणून बाई एका पातळीवर आणि सोसायटी वरच्या पातळीवर, असं दोन्ही धरून हिशेब करायचा. त्याला मल्टिलेव्हल मॉडेल म्हणतात. ते शिक, नाहीतर प्रबंध पुढे सरकणार नाही. संशोधन समितीपुढे उभं राहायचं म्हणजे त्यातला शब्दन् शब्द आला पाहिजे.

गंधाली रडवेली होऊन घरी आली. मी म्हटलं, "मी आहे ना. काढ वही."

अर्ध्या तासाने ती हळूच म्हणाली, "आई, हे तुमच्या अनोव्हासारखं नाहीये हो."

तुमच्या अनोव्हासारखं! गटांच्या सरासऱ्या ताडून बघायची ती आमच्या काळची पद्धत, जणू मी ती माहेरून आणली होती. मी चष्मा पुसत बसले. सुनंदाबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मग कशासारखं आहे? मला सांग. मला काहीच येत नाही, म्हणजे विसरायचंही काही नाही."

तिथून सुरू झालं. रोज सकाळी दहाला बाई यायच्या, पोळपाट घ्यायच्या, लॅपटॉप मांडायच्या, कानात इअरफोनची बोंडं घालायच्या आणि कुठल्यातरी परदेशी मास्तराचा व्हिडिओ लावायच्या. मास्तर भराभर बोलायचा. बाई त्याला थांबवायच्या, "थांब रे बाबा, श्वास घे," असं मराठीत बजावायच्या आणि तेच वाक्य पुन्हा ऐकायच्या. मग 'आर' नावाची ती संगणकाची भाषा. एक स्वल्पविराम चुकला की पडद्यावर लाल अक्षरं. मी असते तर लाल अक्षरं बघून लॅपटॉप मिटला असता. बाई हसायच्या. "आमचे साहेबसुद्धा लाल शाईनेच लिहायचे. त्यांना कधी घाबरले नाही, हा कोण लागून गेला!"

आणि त्यांना काही कळलं नाही की त्या सरळ गंधालीला विचारायच्या, श्रेयसला विचारायच्या, एकदा तर वायरमनला विचारलं. 'हे मला समजलं नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून 'जरा मीठ द्या' इतक्या सहज येतं. माझ्या तोंडून येत नाही. यायला हवं, पण येत नाही.

एक दिवस गंधाली डोकं धरून बसली होती. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळी आणि प्रत्येक गटाचा उतारही वेगळा, असं ते दुहेरी प्रकरण तिला कुणाला समजावून सांगता येईना. बाई म्हणाल्या, "अगं, आपल्या सोसायटीचं पाणी."

"काय पाणी?"

"ए विंगच्या तळमजल्यावर नळाला धार केवढी? बोटाएवढी. बी विंगच्या तळमजल्यावर मुळातच करंगळीएवढी. ही झाली सुरुवात. प्रत्येक विंगची आपली. आता वर चढ. ए विंगमध्ये मजल्यामागे धार जराजरा बारीक होते. आमच्या बी विंगमध्ये पाइप गंजलेले, तिसऱ्या मजल्यावर धाडकन सुतळी. हा झाला उतार. तोही प्रत्येक विंगचा आपला. तू दोन्ही विंगांची एकच सरासरी काढलीस तर काय होईल?"

"काय होईल?"

"सेक्रेटरी म्हणेल पाणी व्यवस्थित आहे, आणि मी पाचव्या मजल्यावर बादली घेऊन बसेन!"

गंधाली टेबलावर हात आपटून हसली. "मम्मी, झकास! हे मी वर्गात सांगणार."

मी स्वयंपाकघरात भाजी परतत होते. सोसायटीतलं पाणी मी बाईंपेक्षा कितीतरी जास्त वर्षं भरतेय. मला कसं सुचलं नाही? इतक्या वर्षांत मी मुलांना खतं आणि शेताचे तुकडे यांचीच उदाहरणं दिली, कारण पुस्तकात तीच होती. मुंबईच्या पोरांनी शेताचा तुकडा पाहिला होता कुठे? भाजी करपली. जेवताना बाई म्हणाल्या, "खमंग झालीय हं." मुद्दाम म्हणाल्या की मनापासून, देव जाणे. मनापासून म्हणाल्या असणार, आणि त्याचाच मला जास्त राग.

मी गुपचूप पुस्तक मागवलं. जाडजूड. त्याला एका जुन्या दिवाळी अंकाचं कव्हर घातलं आणि गॅलरीत वाचायला बसले. आमचे मार्तंड, म्हणजे माझे यजमान, डोकावून म्हणाले, "डिसेंबर सरला तरी दिवाळी संपेना का तुझी?" मी म्हटलं, "पाककृती बघतेय." ते म्हणाले, "फारच अवघड पदार्थ दिसतोय. पान उलटत नाहीये."

उलटत नव्हतंच. मी अडले होते ते एका जागी. ज्या गटात माणसं थोडी, त्या गटाची सरासरी हे मॉडेल जशीच्या तशी मानत नाही, सगळ्यांच्या सरासरीकडे जरा ओढून घेतं. का? सूत्र मला पाठ झालं, कारण उमगेना. आणि कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण मी पाककृती वाचत होते.

त्याच आठवड्यात टेबलावर तोच विषय निघाला. बाई म्हणाल्या, "साधं आहे गं. नवी सून पहिल्या दिवशी आमटी करते. खारट होते. एका आमटीवरून तू ठरवतेस का, की हिचा हात खारट? नाही ठरवत. म्हणतेस, सगळ्या सुना बऱ्यापैकी करतात, ही पण करत असेल, बघू. पन्नास आमट्या खारट झाल्या तर मात्र तिचंच खरं धरतेस. थोड्या पुराव्यावर माणसाला सांभाळून घ्यायचं, एवढंच ते मॉडेल म्हणतंय."

मला लख्ख कळलं. आणि गंधाली माझ्याकडे बघून गालात हसत होती, तेही कळलं. मी म्हटलं, "तुझी आमटी खारटच होती." सगळे हसले. बाई सगळ्यांत मोठ्याने.

आता माहिती गोळा करायची. गंधालीला बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतच्या आणि तिकडे मुलुंड-घाटकोपरकडच्या, अशा बऱ्याच सोसायट्या हव्या होत्या. ती दारोदार फिरली, पण दारं उघडेनात. जाळीच्या दारामागून एक डोळा यायचा. "काही विकायचंय का? नको." संक्रांत तोंडावर आली होती. सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, दारोदार कशाला? हळदीकुंकू! प्रत्येक सोसायटीच्या महिला मंडळाचं असतंच. सगळ्या बायका एका हॉलमध्ये, नटून, खुशीत. तिळगूळ द्यायचा आणि बरोबर साठीच्या पुढच्यांना फॉर्म द्यायचा. रथसप्तमीपर्यंत सगळ्या सोसायट्या उरकतील."

कल्पना झकास होती. मलाही तेव्हा झकासच वाटली, आणि माझी नाही म्हणून वाईटही वाटली.

आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला बाईंनी आधीच्याच वर्षी एक बदल करवला होता. बोर्डावर 'सर्व सुवासिनींना' असं होतं, ते खोडून स्वतःच्या हाताने 'सर्व भगिनींना' लिहिलं. मंडळाच्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, "तिळगूळ नवऱ्याला विचारून गोड लागतो का गं?" विषय संपला. त्या दिवशी तळमजल्यावरच्या सरूबाई किती वर्षांनी हॉलमध्ये आल्या आणि वाण हातात घेऊन कोपऱ्यात रडल्या. बाईंनी त्यांना ओढून मधे बसवलं आणि उखाणा घ्यायला लावला, गेलेल्या नवऱ्याच्या नावाने. मी पण विधवांना बोलवावं या मताची आहे, कायमच होते. मत असणं आणि बोर्ड पुसायला खडूचं फडकं उचलणं यातलं अंतर मला त्या दिवशी बाईंनी दाखवलं. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

गंधालीचं कॉलेज, म्हणून फॉर्म घेऊन बाईच जायच्या; घाटकोपरच्या एका सोसायटीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिथली मंडळाची प्रमुख मानसी नावाची चटपटीत बाई. तिने आमचं स्वागत केलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मला आत नेलं. सुनंदाबाईंना गोड आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही इथे दाराशीच बसा ना, येणारीच्या हातात फॉर्म देता येईल." वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची दिली. बाई बसल्या. येणारी प्रत्येक बाई त्यांच्याशी दोन शब्द बोलून, हसून आत येत होती. मी आत बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, दारात बसवलं तरी दरबार भरवते ही बाई!

मार्चअखेर मॉडेल चाललं. लाल अक्षरं गेली, आकडे आले. सोसायटीचा परिणाम घसघशीत निघाला. काही सोसायट्यांतल्या बायका फारच कमी एकट्या, काहींतल्या बऱ्याच जास्त. गंधालीने त्याचा अर्थ लावला, जिथलं महिला मंडळ जुनं आणि पक्कं, परंपरा सांभाळणारं, तिथे म्हातारपणी एकटेपणा कमी. गाइड खूष. पुढच्याच आठवड्यात समितीपुढे सादर कर, म्हणाले. बाईंनी शिरा केला आणि दोन्ही विंगांत वाटला. गंधाली फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, मॉडेल माझ्या मम्मीने बसवलं! हो, मम्मीने! सासूबाई? त्या पण असतात ना, सपोर्ट करतात."

सपोर्ट करतात. मी म्हणजे भिंतीवरचा खिळा.

मी म्हटलं, "गंधाली, ते मॉडेल राहू दे. मला कच्चा तक्ता छापून दे. सगळ्या बायका, सगळी उत्तरं. नावं नकोत."

"कशाला आई?"

"वाचायला."

आमच्या काळी संगणक नव्हता. आकडे हाताने मांडायचे, त्यामुळे गणित करायच्या आधी तक्ता नुसता वाचायची सवय. गॅलरीत बसून, फूटपट्टी लावून, मी ओळीनओळ वाचत गेले. मला काहीतरी सापडायला हवं होतं. चूक हवी होती. एवढी तहान मला कधी कशाची लागली नसेल.

आणि सापडली. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात. आमच्या सोसायटीत, मालाडच्या दोन, मुलुंडच्या एका सोसायटीत विधवा बायका होत्या, भरपूर. बाकी कितीतरी सोसायट्यांत एकही नाही. साठीच्या पुढच्या दोन डझन बायका आणि त्यांत एक विधवा नाही? मुंबईतले पुरुष एवढे टिकाऊ कधी झाले? पुन्हा पट्टी लावली. ज्या सोसायट्यांत विधवा शून्य, त्याच त्या आनंदी सोसायट्या. जिथे विधवा होत्या, तिथे एकटेपणा जास्त. परंपरा, पक्कं मंडळ, सगळं झूट. ज्या हॉलमध्ये एकट्या बायकांना बोलावलंच नव्हतं, त्या हॉलमध्ये आपण विचारत होतो, एकटं कोण आहे?

मी खरंच टाळी वाजवली. गॅलरीतली कबुतरं उडाली. सगळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर, त्या पोळपाटाशेजारी हा कागद ठेवायचा आणि म्हणायचं, 'सुनंदाबाई, हळदीकुंकवाला कोण येत नाही?' वाक्य मी तयार केलं, घोळवलं, आणखी धारदार केलं. ते वाक्य आपण कुणाला विचारतोय हे लक्षात यायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला.

मग ती घाटकोपरची प्लास्टिकची खुर्ची आठवली. दाराशी. फॉर्म द्यायला सोयीचं म्हणून.

मार्तंड पेपर वाचत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग सांगून टाक. समितीत कुणी विचारलं तर पोरीचा प्रबंध बुडेल."

"लोक म्हणतील सासूच्या पोटात दुखलं."

"दुखतंय ना?"

"दुखतंय. पण चूक खरी आहे."

"मग पोट घेऊन जा. कुठे ठेवून जाणार?"

मी बी विंगमध्ये गेले, एकटी. बाई जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "अगं बाई, प्रोफेसरबाई आमच्या दारी! बसा बसा. आमच्याकडे पाणी सुतळीएवढंच, पण चहा होईल."

मी कागद पुढे केला. घोळवलेलं वाक्य नाही म्हटलं. म्हटलं, "हा रकाना बघा."

त्यांनी चष्मा चढवला. "बघायचं काय? वैवाहिक स्थिती घातलीय की मॉडेलमध्ये."

"ज्या तिथे नव्हत्याच, त्यांना कुठून घालणार?"

बाईंचा हात शेंगेवर थांबला. त्या तक्ता वरून खाली वाचत गेल्या. मग बोटाने एकेक सोसायटी दाखवायला लागल्या. "ही अंधेरीची. इथे मला जिन्यात बसवलं होतं, पंख्याखाली. ही घाटकोपरची, तुम्ही होतात. ही बोरिवली पूर्वेची, इथे म्हणाल्या, तुम्ही दमला असाल, वाण घरी पाठवतो." बोट पुढे सरकत होतं. एकही चुकलं नाही. शून्याच्या प्रत्येक सोसायटीत बाई दाराबाहेर होत्या.

"सगळ्या ठिकाणी?" मी विचारलं.

"सगळ्या कशाला? मुलुंडला आमचीच माणसं. मालाडला आत नेलं." त्यांनी चष्मा काढला. "मी गंधालीला नाही सांगितलं. तिला वाटलं असतं, माझ्यापायी आईला हे. आणि मला वाटलं, ते माझं माझ्यापुरतं आहे. मी एकटी बाहेर बसलेय. बाकीच्या कुठेतरी आत असतील."

"बाकीच्या घरी होत्या."

"हो. घरी होत्या." त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. मग नाक ओढून म्हणाल्या, "मॉडेल मात्र बरोबर बसलं होतं हो."

"मॉडेल चोख होतं."

"आणि तुम्ही ते दिवाळी अंकाचं कव्हर काढून पुस्तक वाचत जा. इतके दिवस एकच अंक वाचलात, लोकांना वाटेल बाईंना भूल पडली."

मला हसू आलं आणि रागही. म्हणजे बाईंना ठाऊक होतं. आणि त्या आमटीचं उदाहरण त्याच आठवड्यात टेबलावर आलं होतं. गंधालीसाठी आलं होतं की गॅलरीसाठी, ते मी विचारलं नाही.

गंधालीला बाईंनीच सांगितलं. सरळ, त्यांच्या पद्धतीने, पोळपाटाशेजारी कागद ठेवून. "गंधू, आपलं चुकलं. तुझ्या सासूबाईंनी पकडलं. मी सुचवलेली युक्ती, माझीच चूक. समितीला तारीख पुढची माग." आणि मग त्या खुर्च्यांचं, जिन्यांचं सगळं सांगितलं, हसत हसत, जणू विनोदच. गंधाली हसली नाही. ती उठली आणि आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. "मम्मी, तू मला सांगितलं का नाहीस गं?"

मी पाणी आणायला आत गेले. चूक मी काढली होती. प्रबंध मी वाचवला होता. मिठी तिकडे पडली. बरोबरच होतं, आणि घशाखाली उतरत नव्हतं. रात्री गंधाली माझ्याकडे आली, म्हणाली, "आई, थँक यू. तुम्ही नसतात तर माझी वाटच लागली असती." मी म्हटलं, "असू दे. झोप आता." आणखी थोडा वेळ बसली असती तर चाललं असतं.

आता उन्हात पुन्हा त्याच सोसायट्या. हॉल नाही, सणवार नाही. ज्या आल्या नव्हत्या त्यांची दारं. गंधालीचं कॉलेज चालू, म्हणून जमेल तेव्हा आम्ही दोघी जातो. बाई बेल वाजवतात. जाळीमागून डोळा येतो. बाई म्हणतात, "काही विकत नाही हो. संक्रांतीला तुमच्या हॉलच्या दाराशी बसले होते मी. तुम्हीही आत नव्हतात ना? म्हणून आले." दार उघडतं. दर वेळी उघडतं असं नाही, पण उघडतं.

परवा घाटकोपरला, त्याच मानसीच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर एका आजींनी दार उघडलं. बाईंचा हात धरून आत घेतलं. मी मागोमाग पाऊल टाकलं, तर आजींनी माझ्या कपाळाकडे बघितलं, मंगळसूत्राकडे बघितलं आणि सुनंदाबाईंना हळू आवाजात विचारलं, "या पण आपल्यातल्या का?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. डोळ्यांत ते नेहमीचं हसू. मी म्हटलं, "तुम्ही भरून घ्या फॉर्म. मोकळेपणाने बोलतील. मी थांबते."

शेजारच्यांनी जिन्याजवळ चपलांसाठी एक स्टूल ठेवलं होतं. चपला खाली सरकवून मी त्यावर बसले, मांडीवर उरलेले फॉर्म घेऊन. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग आजींचं काहीतरी बोलणं, लांबलचक, अडखळत. मग बाईंचं बोलणं. आणि मग दोघींचं हसणं, असं खदाखदा, की मी कान देऊन ऐकायला लागले. कशावर हसतायत? प्रश्नावलीत हसण्यासारखं काही नाही, ती मी वाचलीय. चौथा प्रश्न असेल का? मी उठून जाळीपाशी गेले, परत येऊन स्टुलावर बसले.

थोड्या वेळाने आजींनी माझ्यासाठी बाहेर चहा आणून दिला. म्हणाल्या, "तुमच्या विहीणबाई फार गोड आहेत हो." आणि आत गेल्या. दार लोटून घेतलं.

चहात साखर जास्त होती.